हत्तीखान्याजवळची जागा

माझे भासरे बैलाशी बोलत, आणि ते बोलणं माझ्यासाठी असे.

भासरे म्हणजे नवऱ्याचे थोरले भाऊ. आमच्याकडे धाकट्या भावाच्या बायकोनं भासऱ्याशी बोलायचं नसतं. समोर उभं राहायचं नाही, डोक्यावरचा पदर ढळू द्यायचा नाही, नावही घ्यायचं नाही. त्यांचं नाव मी आजवर तोंडानं घेतलं नाही, आणि आता कागदावर लिहायलाही हात होत नाही. तेव्हा नुसते भासरे. त्यांनीही माझ्याशी बोलायचं नसतं. दोघांच्या मधे कुणीतरी लागतं. माझा नवरा भंडाऱ्याला पितळी भांड्यांच्या दुकानात कामाला होता, आठवड्यातून एकदा घरी यायचा. सासूबाई जेवल्या की झोपत आणि उठल्या की जेवत. मूलबाळ तेव्हा नव्हतं. भासऱ्यांची बायको लग्नानंतर लवकरच तापानं गेली होती, आणि दुसरी त्यांनी केली नाही. राहिला चांद्या.

चांद्या म्हणजे कपाळावर पांढरा ठिपका असलेला डावा बैल. उजवा पवळ्या, पण पवळ्याला ते काही सांगत नसत. "त्याले समजत नाही," म्हणायचे.

गोठा आणि रांधणीघर यांच्या मधे बांबूची तट्टी होती. भासरे जेवून हात धुवत, गोठ्यात जात आणि बैलाच्या पाठीवर हात फिरवत सुरू करत, "चांद्या, सांगून ठेवतो, आज दाळीत मीठ पडलं नाही बावा." मी तट्टीच्या अलीकडे चुलीशी. "चांद्या, मांजर दूध पिऊन राह्यली. माणसानं शिंक्यावर ठेवाव." दुसऱ्या दिवशी दूध शिंक्यावर. समजलं हे कळवायला मी बांगड्या वाजवत असे. तेवढं ऐकलं की ते खोकत आणि निघून जात. आमचं बोलणं एवढंच, पण घर चालायला पुरत होतं.

एकदा मला हुडहुडी भरून ताप आला. तट्टीपलीकडून आवाज आला, "चांद्या, तुले बरं वाटत नाही तं पडून राहा. पाण्याले मी जातो." आणि डोक्यावर चुंबळ ठेवून, पाण्याचा पितळी गुंड घेऊन हा मिशीवाला माणूस बायकांच्या विहिरीवर गेला. गावातल्या बायका आठवडाभर हसत होत्या. सासूबाईंना काहीच उलगडलं नाही. "बैल बिमार आन हा पाणी भरते," त्या म्हणाल्या आणि कुशीवर वळल्या.

पुढे तो चांद्या म्हातारा झाला. बाजारातून नवा बैल आणला, त्याच्या कपाळावर ठिपका-बिपका काही नव्हता, तरी त्याचंही नाव चांद्याच ठेवलं. नवरा म्हणाला, "दादा, दुसरं नाव नाही का?" भासरे म्हणाले, "कायले? एखादी गोष्ट सांगाची राह्यली असन तं?"

त्यांचं दुसरं वेड म्हणजे जत्रा.

नदीच्या अलीकडच्या काठावर एक जुना महाल आहे. कुणी गोंड राजाचा म्हणतात, कुणी भोसल्यांच्या सरदाराचा. छपरं कधीच गेली. महादरवाजा आहे, पायऱ्यांची विहीर आहे, आत देवीचं ठाणं आहे, आणि एका बाजूला हत्तीखान्याची लांबच लांब भिंत. वैशाखात तिथं जत्रा भरते. दिवसा ऊन असं की पाखरूही उडत नाही, तरी माणसं येतात. कारण तेव्हाच वैनगंगेत पाणी गुडघ्याएवढं असतं आणि पलीकडच्या काठाची माणसं पायी येऊ शकतात. माझं माहेर पलीकडचं. एरवी पुलावरून फिरून जायचं तर दोन गाड्या बदलाव्या लागत, आणि सासरहून मला कोण सोडणार. आई विधवा, भाऊ लहान शेतीवाला. तेव्हा माझी आणि आईची भेट वर्षातून एकदाच, त्या जत्रेत.

सासूबाईंना देवीचा नेम होता, म्हणून आम्ही जात असू. जत्रा दोन दिवसांची, पण आमच्या घरी ती महिनाभर चाले. चैत्र सरता सरता भासरे रेंगी बाहेर काढत. रेंगी म्हणजे माणसांना बसायची हलकी बैलगाडी. तिच्या चाकांना वंगण घालत, मग चाकं फिरवून बघत, मग पुन्हा वंगण घालत. वर तट्ट्या बांधत, सोडत, पुन्हा बांधत. इकडे मला सातू भाजायचा, पिठं दळायची, सासूबाईंची अंथरुणं, पाण्याचे माठ, बैलांना खायला कुटार. "चांद्या, सांगून ठेवतो, मागल्या वर्षी सुपारी घरीच राह्यली." सुपारी मी आधीच बांधलेली असे. निघायच्या आधीच माझं अंग मोडून आलेलं असायचं.

आणि निघायचं ते शुक्राची चांदणी वर यायच्या आत. सासूबाई रेंगीत माझ्या मांडीवर डोकं ठेवून झोपत. एका मांडीला मुंग्या आल्या की मी डोकं दुसऱ्या मांडीवर घ्यायची. वाट मोहाच्या जंगलातून, मग आटलेल्या तलावाच्या पाळीवरून. धूळ नाकातोंडात. पुढे बसलेले भासरे, मागे मी, मधे झोपलेली म्हातारी, आणि पूर्ण वाटेत एक शब्द नाही. कधी तरी, "चांद्या, मागं पाण्याची सुरई आहे म्हणते. तहान लागली असन तं प्यावं माणसानं."

लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी आम्ही सगळ्यांसारखे आमराईत उतरलो होतो. महालाच्या उजव्या अंगाला जुनी आमराई आहे, गार, दाट. तिथं रेंग्या-खाचरांची इतकी दाटी की एकातून दुसरं ओळखू येऊ नये. मी दोन्ही दिवस आईची वाट पाहिली. आई आली नाही. दुसऱ्या दिवशी परतायच्या वेळी बांगड्यांच्या दुकानाशी माहेरची एक बाई भेटली. ती म्हणाली, "अवं, तुही माय काल दिवसभर आमराईत फिरली व. ह्या रेंगीपासून त्या रेंगीपाशी. सांजेले गेली परत नदी उतरून. तू कुठी होती?"

मी तिथंच होते. परतीच्या वाटेत पदर तोंडात घालून मी रडत होते. सासूबाई झोपल्या होत्या. भासऱ्यांनी मागे वळून पाहिलं नाही. पाहायचंच नसतं. खूप वेळानं ते बैलाला म्हणाले, "असं नाही चालत." मला वाटलं बैल वाट सोडून चालतोय.

दुसऱ्या वर्षापासून ते जागेचं खूळ सुरू झालं.

आम्ही पोचलो तेव्हा आमराई अख्खी रिकामी. गावातून पहिली रेंगी आमचीच. हवं ते झाड घ्यावं. मी मनात एक झाड धरलंही होतं, पसरलेलं, विहिरीजवळचं. भासऱ्यांनी रेंगी आमराईच्या कडेनं तशीच पुढे हाकली. महादरवाजा गेला. देवीची वाट गेली. हत्तीखान्याची लांब भिंत जिथं संपते तिथं दगडी फरशीचा एक उघडा ओटा आहे, पूर्वी म्हणे तिथं हत्ती बांधत. झाड नाही, झुडूप नाही. सकाळपासून संध्याकाळपर्यंत ऊन. तिथं त्यांनी बैल सोडले.

सासूबाई जाग्या झाल्या आणि डोळ्यांवर हात धरून म्हणाल्या, "हे काय गा? आपण काय हत्ती आहो?"

"जागा ते जागा," भासरे म्हणाले.

"आमराईत काय झालं?"

"आमराईत मोठे लोक बसतात."

मागच्या वर्षी झाडावरून कुणाशी तरी त्यांची बोलाचाली झाली होती म्हणे. सासूबाईंनी मला सांगितलं, "त्याची अकड आहे व ते. बापावर गेला." मीही तेच धरून चालले. माणूस विक्षिप्त आहे हे माहीत होतंच, त्यात हे आणखी एक.

त्या ओट्यावर आम्ही किती वैशाख भाजून निघालो. तट्ट्या लावल्या तरी खालून फरशी तापायची. सासूबाईंच्या अंगावर घामोळं उठायचं, माझ्या चुलीवरची भाकर तव्यापेक्षा फरशीवर लवकर भाजेल असं वाटायचं. आमराईतल्या बायका पाण्याला जाताना थांबून बघत. "काहून व, सावली महाग झाली का?" मी पदर ओढून घ्यायची. काय सांगणार.

आणि भासरे त्या उन्हात कावड घेऊन पायऱ्यांच्या विहिरीवरून पाणी आणत आणि फरशीवर ओतत. पुन्हा जात, पुन्हा ओतत. भिंतीच्या कडेकडेनंही ओतत जात, पार लांबपर्यंत, जिथं आमचं काही नव्हतं. ओतलेलं पाणी बघता बघता वाळून जाई. बांगड्यावाला म्हणायचा, "बुवा, हत्तीले बी इतकं पाणी लागलं नसन." भासरे म्हणायचे, "धूळ उडते."

एका वर्षी आकाशपाळणेवाला आला. आणीबाणीनंतर जत्रा वाढली होती, कर्णे लागायचे, पाळणे यायचे. त्याला सपाट, पक्की जागा हवी होती, म्हणजे आमचाच ओटा. तो माणसं आणि लोखंडी सांगाडा घेऊन उभा राहिला.

"बुवा, उठा जी. पाळणा बसवाचा हाय."

"बसवा ना."

"तुम्ही बसले तिथीच बसवाचा हाय."

"मंग मी उठलो का बसवा."

"कधी उठता?"

"परवा."

"परवा तं जत्रा सरते बुवा."

"मंग काय घाई आहे."

तो हात जोडून बोलला, मग ओरडून बोलला, मग पंचांना घेऊन आला. पंच म्हणाले, गावासाठी एवढं करा. भासरे ओट्याच्या मधोमध मांडी घालून बसले होते. त्यांनी पंचांकडे पाहिलंच नाही. बैलाला म्हणाले, "चांद्या, सांगून ठेवतो, मले दांड्याले बांधून पाळण्यात फिरवलं तरी मी इथीच उतरीन." शेवटी पाळणा देवीच्या वाटेवर बसला, थोडा कलता. मी लाजेनं रेंगीत तोंड लपवून बसले होते.

नंतर एस.टी.नं जत्रेसाठी जादा गाड्या सोडल्या. नवरा म्हणाला, "दादा, मायचं आता वय झालं. एस.टी.नं न्या, दोन घंट्यात पोचाल." भासऱ्यांनी चौकशी केली, कुठं सोडते. महादरवाज्याशी, असं कळल्यावर ते गोठ्यात गेले. "चांद्या, ज्याले एस.टी.नं जाचं त्यानं जावं. आपण रेंगीनंच." आणि आम्ही रेंगीनंच. माझ्या पायांना मुंग्या, तोंडात धूळ, पुन्हा तोच ओटा.

एवढं सगळं खरं, पण त्या ओट्यावर बसायला लागल्यापासून आई दर वर्षी मला भेटत होती. दुपार कलायच्या आधी ती येई. पायात काही नसायचं, तिनं कधी घातलंच नाही. डोक्यावर फडक्यात बांधलेल्या लाखोळीच्या डाळीच्या वड्या, आणि एक हात भिंतीला. लांबून येताना दिसायची, हळूहळू, थकल्यासारखी. मला वाटायचं नदीची वाळू तुडवून दमली, म्हणून भिंतीचा आधार घेते. आली की दोन्ही हातांनी माझं तोंड कुरवाळायची. गाल, नाक, कपाळ, पुन्हा गाल. तळव्याला भिंतीचा चुना लागलेला असायचा, तो माझ्या गालाला लागायचा. मी पुसत नसे.

आई आली की भासरे उठत. "चांद्याले चारून आणतो," म्हणत आणि बैल घेऊन लांब जात, जिथं गवताची काडी नव्हती. भर उन्हात आमच्याकडे पाठ करून बसत. बैल त्यांच्याकडे बघत उभे. आम्ही मायलेकी बोलत असू. तिच्या घरचं, माझ्या घरचं, माझी कूस उशिरा उजवली ते. लेकीला घेऊन गेले त्या वर्षी आईनं तिचंही तोंड असंच कितीतरी वेळ चाचपलं. सूर्य कलला की आई उठायची, भिंतीला हात लावायची आणि निघायची.

मागल्या माघात आई गेली. नवऱ्यानं मला दोन गाड्या बदलून नेलं. दिवस झाल्यावर वहिनीजवळ बसले होते. वहिनी मसाला वाटत बोलत होती, "बुढीचं बरंच झालं म्हणा. आंधळ्या माणसाचे लई हाल."

मी म्हटलं, "आंधळी कोण?"

ती थांबली. "तुमाले माहीत नाही का जी? त्याईले तुमच्या लग्नाच्या साली दिसाले कमी झालं. मंग दोन-तीन सालात समदं गेलं. तुमाले सांगू नोको म्हणत. पोरगी तिथी रडत बसन म्हणे."

"मग जत्रेत कशी येत होती?"

"आमच्या गावचे लोक नदी उतरवून देत. पुढं भिंतीभिंतीनं जात. भिंत सरते तिथं रेंगी राहीन, असं कोणी सांगून गेलतं म्हणे त्याईले. पहिल्याच साली, पावसाळ्याच्या आधी."

"कोण?"

"मी नव्हती तवा जी. कोणीतरी मिशीवाला बुवा आलता म्हणे नदी उतरून, एवढं सांगाले. पाणीही नाही पेला."

मी घरी परतले. भासरे गोठ्यात होते. मी तट्टीच्या अलीकडे किती वेळ उभी राहिले. विचारायचं तर कसं, आणि काय. बांगड्यांनी फार तर 'समजलं' एवढंच सांगता येई, विचारता येत नसे. ते खोकले आणि बाहेर गेले.

वैशाख आला. सासूबाईंना आता उठवत नव्हतं, तरी त्या नेम सोडणाऱ्या नव्हत्या. रेंगीत अंथरूण घातलं, त्यांना निजवलं, लेकीला मांडीवर घेतलं. चैत्रात वंगण घातलं की नाही ते मी पाहिलं नाही. निघताना मात्र यंदा उशीर झाला. दिवस चांगला वर आला तेव्हा आम्ही महालाशी पोचलो. आमराई अर्धी भरली होती. विहिरीजवळचं ते पसरलेलं झाड कुणी घेतलं नव्हतं, का कोण जाणे.

भासऱ्यांनी रेंगी आमराईत वळवली.

झाडाखाली गार होतं. सासूबाईंनी डोळे उघडले, वर पानांकडे पाहिलं आणि म्हणाल्या, "सुटली का रे तुही अकड?" भासरे उतरले. जू काढायला हात लावला, पण काढलं नाही. चांद्याच्या मानेवर हात ठेवून उभे राहिले. माझ्याकडे पाठ होती.

"चांद्या," ते म्हणाले, "आता भिंत कोणाले लागत नाही. आता सावलीत बसावं माणसानं. लई सालं उन्हात काढले त्या माणसानं. काही बोललं नाही."

मी त्या सावलीत बसले होते, जिची इतकी वर्षं आस धरून होते, आणि मला तिथं क्षणभर बसवेना. लेक विचारत होती, "आई, आपला दगड कुठी आहे?" मी तोंड उघडलं. त्यांच्या देखत माझा आवाज कधी निघाला नव्हता, त्यामुळे तो कसा निघाला ते मला माहीत नाही.

"चांद्या," मी म्हटलं, "भिंतीपाशीच चल बावा. तिथली सवय आहे."

भासरे हलले नाहीत. बैलानं कान हलवला. मग ते पुढे चढून बसले आणि रेंगी वळवली. सासूबाई म्हणाल्या, "बाप्पा, दोघंही बैलाशी बोलून राह्यले. माह्याशी कोणी बोला." आणि पुन्हा डोळे मिटले.

ओट्याशी बैल सुटले. मी तट्ट्या लावल्या, चूल मांडली, सासूबाईंना पाणी पाजलं. दुपार कलायला आली तशी मी उठले. जिथून नदीची वाट वर येते आणि भिंत सुरू होते तिथपर्यंत गेले. चपला काढल्या. जमिनीवर पाय टेकवला आणि लगेच उचलला. इतकी तापली होती. मग भिंतीला हात लावला, डोळे मिटले आणि आई चालायची तशी हळूहळू चालू लागले. पाय पोळत होते. चुना तळव्याला लागत होता.

थोडं चालल्यावर पायाखाली गार लागलं. पुढचं पाऊल टाकलं, तेही गार. त्यापुढचंही. भिंतीच्या कडेनं, एका माणसाच्या पायापुरती वाट भिजलेली होती, पार शेवटपर्यंत.

भिंत संपली तेव्हा मी डोळे उघडले. भासरे रिकामी कावड खांद्यावर घेऊन, पाठ करून विहिरीकडे निघाले होते.

"धूळ उडते, चांद्या," ते म्हणाले. चांद्या ओट्याच्या पार पलीकडे बांधलेला होता.